बाटलीवरच्या कागदाचा इतिहास



गोडी छाटणी जवळ आली की तुळजापूर, उमरगा भागात औषधांच्या याद्या सुरू होतात. कुठलं घ्यायचं, कितीला मिळतंय, पंपाला किती मिली. आज लिहितोय ते बाटलीला चिकटवलेल्या कागदाबद्दल. त्यावरच्या बऱ्याच ओळी कुणाची तरी माणसं गेल्यावर किंवा कुणाचा तरी माल बुडाल्यावर आल्या आहेत. शेतकऱ्याला हा इतिहास कुणी सांगत नाही, म्हणून हा पसारा.

सुरुवात त्रिकोणापासून. कागदावर उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. प्रयोगातल्या प्राण्याच्या दर किलो वजनाला ५० मिलीग्रॅमच्या आत पोटात गेलं तरी निम्मे प्राणी मरतात, असं औषध. ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढं हिरवा. हिरवा रंग बघून लोक "हे सेंद्रिय आहे" म्हणतात. तसं काही नाही. हा रंग फक्त विषाची तीव्रता सांगतो. पीक, पाणी, मधमाशी यांचं काय होईल ते त्यात नाही.

हा कायदा का आला? १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा झाली आणि शंभरावर माणसं दगावली. मुंबईहून कोचीनला गेलेल्या जहाजात धान्य-पीठ आणि पॅराथिऑन, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचं फॉलिडॉल, एकत्र भरलं होतं. औषध सांडलं, पिठात मुरलं. चौकशी झाली, समित्या बसल्या आणि दहा वर्षांनी, १९६८ ला कीटकनाशक कायदा झाला. नियम १९७१ ला आले. तेव्हापासून फरीदाबादच्या नोंदणी समितीकडून नोंदणी झाल्याशिवाय औषध विकता येत नाही आणि विषबाधेची लक्षणं, उतारा, रिकाम्या डब्याचं काय करायचं हे माहितीपत्रकात छापावं लागतं.

छापावं लागतं हे खरं. पण ते कागद घडी घालून घालून बोटाएवढे केलेले असतात आणि अक्षर मुंगीएवढं. २०१७ ला यवतमाळात कपाशी फवारताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा उताऱ्याची ओळ बाटल्यांवर होतीच. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र आणि अंगावर साधा शर्ट. त्या ओळीनं काय होणार? पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ ला, केंद्रानं १८ औषधांवर बंदीचा आदेश काढला. १२ लगेच बंद, ६ डिसेंबर २०२० अखेर. फोरेट त्या सहातलं. पण ही यादी यवतमाळमुळं निघाली असं समजू नका. त्यामागची अनुपम वर्मा समिती २०१३ चीच होती.

आता द्राक्ष. इथं जरा थांबावं लागेल, कारण सरकारी नियम आणि गिऱ्हाइकाचा नियम यांची गाठ आपल्याकडं पहिल्यांदा नीट पडली ती इथं.

१९९१ ला महाग्रेप्स सुरू झालं आणि सहकारी संस्थांची द्राक्षं एकत्र परदेशी जायला लागली. २००३ ला नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात मेथोमिल आणि ॲसिफेटचे अंश सापडले. बाजार हातचा जाईल म्हटल्यावर अपेडा, कृषी खातं आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी रेसिड्यू तपासणीची योजना आखली. २००६ ला ग्रेपनेट आलं. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला नंबर, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेणार आणि अहवाल थेट संगणकावर. माझ्या मते आपल्या शेतीत झालेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. तोवर नियम दुकानापर्यंत यायचा, आता तो बांधापर्यंत आला.

तरी २०१० ला दणका बसलाच. औषध होतं क्लोरमेक्वाट क्लोराईड, आपलं सीसीसी. खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि डोळ्यात घड धरावेत म्हणून ते मारायचे. आपल्याकडं त्याला बंदी नव्हती. तपासायच्या यादीत ते नव्हतं, म्हणून अहवाल स्वच्छ. युरोपात मात्र मर्यादा किलोला ०.०५ मिलीग्रॅम. म्हणजे २० टन द्राक्षात एक ग्रॅम! जर्मनी-नेदरलँड्सनं माल अडवला, कंटेनर पडून राहिले, मागं शेतकऱ्यांची बिलं लटकली.

कृषीच्या मंडळींनी यातली मेख ध्यानात घ्यावी. हे औषध घडावर मारलेलं नव्हतं. उन्हाळ्यात कोवळ्या पानांवर मारलेलं पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या मण्यात निघालं. वेलीनं ते काडीत सांभाळून ठेवलं. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, ही पीएचआयची ओळ अशा औषधापुढं अपुरी पडते, कारण ती शेवटच्या फवारणीपासून मोजायची आपली सवय. त्यानंतर सीसीसी तपासणीत आलं आणि 'लेबल क्लेम' हा शब्द गावोगावच्या चर्चासत्रात ऐकू यायला लागला. बाटलीवर ज्या पिकाचं नाव नाही त्या पिकावर ती मारायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. मांजरीच्या केंद्राची यादी, आपण जिला अनेक्शर पाच म्हणतो, ती दर हंगामाला नवी निघते. गेल्या सालची यादी भिंतीला चिकटवून ठेवण्यात अर्थ नाही.

यात सरकार कुठंच नसलेलाही एक धागा आहे. १९९७ ला युरोपच्या दुकानदारांनी स्वतःचे नियम केले, युरेपगॅप. २००७ पासून नाव ग्लोबलगॅप. सक्ती नाही, पण त्यांच्या दुकानात माल ठेवायचा तर पाळा. त्यात औषधांच्या खोलीला कुलूप, फवारणीची वही, रिकामी बाटली तीनदा धुणं, मजुरांना हात धुवायची सोय आणि संडास. आपल्या बागेत खुडणीला येणाऱ्या बाया दिवसभर कुठं जात होत्या, हा प्रश्न आधी परदेशातल्या दुकानदाराला पडला, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

आणि आता टॉनिक. ह्यूमिक, सीवीड, अमिनो, "शंभर टक्के नैसर्गिक". ही माळ कित्येक वर्षं कुठल्याच कायद्यात बसत नव्हती. औषध नाही म्हणून कीटकनाशक कायदा नाही, खत नाही म्हणून खत नियंत्रण आदेश नाही. आत काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक. फेब्रुवारी २०२१ ला खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकं आली. विषारीपणाच्या चाचण्या, पिकावरच्या चाचण्या आणि एक महत्त्वाची अट, त्यात कीटकनाशक ०.०१ पीपीएमच्या वर नको. तात्पुरत्या परवान्यावरच्या विक्रीची मुदत वाढत वाढत जून २०२५ पर्यंत गेली. त्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितलं की पूर्वी अशी जवळपास ३० हजार उत्पादनं बाजारात होती, नंतर ८ हजारांवर आली आणि कडक तपासणीनंतर साधारण ६५० उरली. बाकीच्या बाटल्यांत काय होतं याचा हिशोब आता लागणार नाही, पण त्यातल्या कितीतरी आपल्याच सोयाबीनवर आणि बागेत रिकाम्या झाल्या आहेत.

निर्यातीच्या बागेला हे जास्त जाचक आहे. टॉनिकमध्ये चोरून घातलेलं कीटकनाशक तुमच्या वहीत कुठंच नसतं, मांजरीच्या यादीशीही जुळत नाही, तरी ते मण्यात निघतं आणि नापास होतो तो तुमचा प्लॉट. पक्की पावती, त्यावर बॅच नंबर आणि बाटलीत तळाला राखलेलं शंभर मिली, एवढंच आपल्या हातात राहतं. मी हे तिन्ही ठेवतो. माल खुडून पैसे येईपर्यंत.

२०१० च्या हंगामातले तपासणी अहवाल, नाकारलेल्या मालाचे कागद धाराशिव-सोलापूरकडं कुणाच्या ट्रंकेत पडले असतील तर जपून ठेवा. एकदा येऊन बघायचे आहेत.