छायाचित्रातले आठ खड्डे

युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या कबरी नव्वद वर्षांनी शोधायच्या तर सुरुवात कुठून करायची? फ्रान्समधल्या फ्रोमेल गावी ती एका वजाबाकीने झाली. 19-20 जुलै 1916 च्या रात्री इथे ऑस्ट्रेलियाचे 5,533 सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलबर्नचे चित्रकला शिक्षक लॅम्बिस एंग्लेझोस यांनी बेपत्तांच्या संख्येतून आसपासच्या अनामिक कबरी वजा केल्या. बरीच माणसे उरत होती. ती गेली कुठे?

जर्मनांच्या हद्दीत पडलेली प्रेते जर्मनांनीच पुरली असणार. एका बव्हेरियन रेजिमेंटच्या दप्तरात 'फेझंट वुड' या झाडीजवळ सामूहिक कबरी खणण्याचा हुकूम होता. मग विमानातून घेतलेली युद्धकाळातली छायाचित्रे पाहिली गेली. लढाईपूर्वी झाडीलगत काही नाही. नंतरच्या छायाचित्रात मात्र चार-चारच्या दोन ओळींत आठ खड्डे, काही बुजवलेले, काही उघडे.

इथे थोडे गणित करू. ब्रिटिशांचे खंदकांचे नकाशे बऱ्याचदा 1:10,000 प्रमाणाचे असत. या प्रमाणात दहा मीटरचा खड्डा एक मिलिमीटर भरतो. एका माणसाची दोन मीटरची कबर 0.2 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढी! ती दिसणे कठीणच. मोठा खड्डा दिसतो, कारण उकरलेली माती गवतापेक्षा वेगळा प्रकाश परावर्तित करते आणि उघड्या खड्ड्यात कडेची सावली पडते. (नव्याने खणलेली जागा शाळेच्या गच्चीवरून सकाळी आणि भर दुपारी मुलांना दाखवावी.) ती खूण आजच्या शेतात नेमकी कुठे, हे ठरवायला न हललेल्या गोष्टी लागतात: रस्त्याचे वळण, झाडीची कड.

तरीही काही जाणकारांचा आक्षेप होता, की युद्धानंतर प्रेते उकरून दफनभूमीत हलवली गेली, तेव्हा हे खड्डेही रिकामे झाले असतील. आम्हांला हा आक्षेप रास्त वाटतो. 1916 चे छायाचित्र 1920 बद्दल काय सांगणार? ते जमिनीलाच विचारायला हवे होते.

2007 साली ग्लासगो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम न करता पाहणी केली. धातुशोधकाला एक पदक लागले: ऑस्ट्रेलियातल्या आल्बर्टन तालुक्याने आपल्या सैनिकांना दिलेले. 2008 च्या चाचणी-खोदकामात पाच खड्ड्यांत अवशेष दिसले. 2009 मध्ये एकूण 250 देह निघाले. 2010 साली जवळच त्यांच्यासाठी नवी दफनभूमी झाली. नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून दीडशेहून अधिक जणांना नावे मिळाली. बाकीचे अनामिकच आहेत. एखाद्याचा नातेवाईक सापडून नमुना जुळला, की आणखी एका दगडावर नाव कोरले जाते.