शांतता आवडणारी देवी

इजिप्त म्हटलं की लोकांना फॅरो आठवतात. मला मात्र त्यांची थडगी खोदणारी माणसं जास्त जवळची वाटतात. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, देर अल-मदिना हे त्यांचं गाव होतं. आणि त्या गावाची हक्काची देवी होती मेरेतसेगर. नावाचा अर्थ, 'शांतता जिला आवडते ती'.

व्हॅली ऑफ द किंग्जच्या माथ्यावर अल-कुर्न हा पिरॅमिडच्या आकाराचा डोंगर आहे. तो डोंगर म्हणजेच ती. चित्रांत ती कधी नागीण, तर कधी नागाचं डोकं असलेली बाई. त्या उघड्या कपारींत रोज काम करणाऱ्यांना दुसरं कुठलं रूप सुचणार होतं?

नेफेराबू नावाच्या कारागिराने तिच्यासाठी कोरलेली दगडी पाटी आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. मी अडाणी, मला बरंवाईट कळत नव्हतं, या शिखराचा मी अपराध केला, असं तो सरळ कबूल करतो! (अपराध कोणता, ते काही सांगत नाही.) मग शिक्षा. विटांवर बसलेल्या बाळंतिणीसारखा तो श्वासासाठी तडफडला. शेवटी देवीला दया आली आणि ती गार वाऱ्याची झुळूक होऊन आली. फॅरोंच्या भव्य लेखांत असली कबुली शोधून सापडणार नाही. तिथे राजा नेहमी जिंकतच असतो...

इ.स.पू. १०७० च्या सुमारास त्या दरीत राजांना पुरणं थांबलं. कारागीर गाव सोडून गेले, आणि मेरेतसेगरची पूजाही मागे पडली. तिला दुसरं गाव नव्हतंच.