एका पिस्तुलाचे दोन जनक

शोधांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा एकच नाव लिहितो. ज्याच्या डोक्यात कल्पना आली, तो शोधक. ज्याने ती लोखंडात उतरविली, तो मजूर. एकाचे चरित्र होते आणि दुसऱ्याची नोंद फार तर हिशेबाच्या वहीत राहते. ही विभागणी न्याय्य आहे काय, हे एका प्रसिद्ध हत्याराच्या कथेवरून आम्ही आज तपासून पाहणार आहोत. ते हत्यार म्हणजे सॅम्युअल कोल्टचे फिरत्या चक्राचे पिस्तूल.

कोल्टचा जन्म 1814 साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. 1830 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि कलकत्त्याच्या सफरीस निघाला. या सफरीत त्याने लाकूड कोरून आपल्या पिस्तुलाचा नमुना तयार केला. जहाजाचे सुकाणू फिरविणारे चाक ठराविक जागी अडकते, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. ते खरे असो वा नसो, लाकडी नमुना हाती घेऊन हा मुलगा घरी परतला, एवढे निश्चित.

आणि येथेच खरी अडचण सुरू झाली. लाकडाला दारू सोसत नाही. आता हवा होता तो बंदुकीचा कारागीर. आणि तोही असा की, एका पोराचे एकच, कोणी कधी न केलेले काम अंगावर घेईल.

असे काम कारागिराला नको का वाटते, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याचे पोट चालते ते ओळखीच्या कामावर. चाप दुरुस्त करणे, कमान बदलणे, नळीला दस्ता बसविणे, ही कामे हाताच्या सवयीने होतात. नव्या कामाला माप नाही, साचा नाही, दर नाही. एक भाग बिघडला की आठ दिवसांची मेहनत भंगारात जाते. आणि नळी फुटून कोणी जखमी झाला तर दुकानाचे नाव जाते. गिऱ्हाईक 'लहानसे काम आहे' असे म्हणते, पण लहान असते ते फक्त बिल.

त्यातून कोल्टचे काम फार नाजूक होते. घोडा मागे ओढताच चक्र एक घर फिरावे, ते घर नळीच्या तोंडाशी अचूक यावे आणि बार होईपर्यंत तेथेच घट्ट राहावे, असा त्याचा बेत. केसभर चूक झाली तर गोळी नळीच्या काठावर आदळते. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरली तर सारे बार एकदम उडण्याची भीती. हे सारे साधायचे ते कानशीने आणि डोळ्याने.

हार्टफर्डच्या अ‍ॅन्सन चेस या कारागिराने हे काम घेतले. खर्च कोल्टच्या वडिलांनी सोसला, पण हात आखडूनच. एक पिस्तूल व एक रायफल तयार झाली आणि दोहोंपैकी एक उडविताच फुटले. वडिलांनी पैसा थांबविला.

मग कोल्टने जे केले ते नाटकात शोभावे असे आहे. हसविणाऱ्या वायूचे प्रयोग दाखवीत तो 1832 पासून गावोगाव हिंडू लागला. जाहिरातीत तो स्वतःला 'न्यू यॉर्क, लंडन व कलकत्ता येथील डॉक्टर कोल्ट' म्हणवी. कलकत्त्याशी त्याचा संबंध एका सफरीपुरताच! तिकिटांच्या या पैशातून त्याने बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन या कारागिराला कामाला लावले. कोल्टच्या कल्पनेला चालते रूप आले ते याच बाल्टिमोरच्या कामात. अनेक नळ्यांचा बेत सुटला. एकच स्थिर नळी आणि तिच्यामागे फिरणारे चक्र, ही रचना पक्की झाली. 25 फेब्रुवारी 1836 रोजी कोल्टला अमेरिकेचे पेटंट मिळाले. पिअर्सनला मात्र कबूल केलेला पैसा वेळेवर मिळत नसे. कष्ट आपले आणि पदरी मनस्ताप, अशी त्याची पत्रांतून तक्रार होती.

कोल्टवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. फिरत्या चक्राची कल्पना जुनीच होती. युरोपात आणि हिंदुस्थानातही अशा तोड्याच्या बंदुका पूर्वी झाल्या होत्या, हे 1851 साली लंडनच्या इंजिनियरांपुढे वाचलेल्या निबंधात त्याने स्वतःच सांगितले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची चिकाटी. पॅटर्सन येथील त्याचा कारखाना 1842 साली बुडाला, तरी तो खचला नाही. 1847 साली मेक्सिकोच्या युद्धासाठी सरकारने एक हजार पिस्तुले मागितली, तेव्हा त्याच्यापाशी कारखानाच नव्हता! पुन्हा एकदा तो दुसऱ्याच्या दारी गेला. एली व्हिटनी यांच्या कारखान्यात ती पिस्तुले घडली. पुढे हार्टफर्डला त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि जे काम पिअर्सन कानशीने करी, त्यातील बहुतेक काम यंत्रांकडे सोपविले. ज्या एकट्या कारागिराच्या आधारावर तो उभा राहिला, त्या कारागिराची गरजच त्याच्या यशाने पुष्कळशी संपविली.

आता आपल्या देशाकडे पाहू. कलकत्त्याच्या वाटेवर कोरलेली ती कल्पना पोलाद होऊन येथे परत आली. 1857 च्या संग्रामात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टची आणि अ‍ॅडम्सची पिस्तुले होती. पुढे 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बनविणे, त्यात फेरफार करणे आणि विकणे गुन्हा ठरला. तिकडे कारागिराचे दुकान यंत्राने झाकोळले, इकडे त्यावर कायद्याचा पहारा बसला. एखादा तरुण लाकडी नमुना घेऊन येथील कारागिराच्या दारी गेलाच असता, तर त्याने प्रथम नमुना पाहिला असता की परवाना? नवा शोध लागण्यासाठी बुद्धिमान तरुण हवा, हे सर्वांना कळते. त्याचे अडनिडे काम घेणारा कुशल हात हवा, त्या हाताला काम घेण्याची मोकळीक हवी आणि त्याचा मोबदला वेळेवर मिळायला हवा, हे मात्र फार थोड्यांना कळते.

कोल्ट 1862 साली मोठा धनिक होऊन मेला. त्याच्या पिस्तुलांवर त्याच्या पेटंटची अक्षरे कोरलेली आहेत. पिअर्सनचे नाव शोधायचे असेल तर थकलेल्या मजुरीची पत्रे चाळावी लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाने ती चाळली पाहिजेत; कारण ते पिस्तूल प्रथम नीट चालले ते त्याच्या हातांनी.