कॅफिन, स्मरणशक्ती आणि स्वभावभेद

चहा-कॉफीतील कॅफिन या उत्तेजक द्रव्याचा स्मरणशक्तीवरील परिणाम सर्व माणसांत सारखा नसतो. पिणाऱ्याचा स्वभाव, दिवसाची वेळ आणि स्मरणाचा प्रकार यांनुसार तो बदलतो, काही वेळा उलटही होतो. नांदेड आणि लातूर येथे या विषयाला विशेष महत्त्व आहे. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाल्यापासून दहावीनंतर मराठवाड्याच्या खेड्यांतून हजारो मुले-मुली खोली करून, मेसचे जेवण घेऊन या शहरांत राहतात. अभ्यासिकेत रात्र जागवायची तर त्यांना चहाचाच आधार वाटतो.

माणूस जागा असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि ते पेशींवरील ग्राहींना चिकटले की झोप येऊ लागते. कॅफिन त्याच ग्राहींवर आधी जागा अडवते. थकवा त्यामुळे जात नाही, फक्त जाणवेनासा होतो. साधारण अर्ध्या ते एका तासात कॅफिन रक्तात सर्वाधिक असते आणि ते निम्मे व्हायला सुमारे ५ तास लागतात. रात्री १० वाजता घेतलेल्या चहातील जवळजवळ निम्मे कॅफिन पहाटे ३ वाजताही शरीरात असते. एका कप चहात ते ढोबळमानाने ३० ते ५० मिलिग्रॅम असते. पत्ती किती टाकली यावर कमी-जास्त होते.

स्वभावभेदाचा धागा मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या १९६७ च्या सिद्धांतातून येतो. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक उद्दीपित असतो, बहिर्मुखाचा कमी, असे त्यांनी मांडले. येर्किस आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये दाखवले होते की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामाला पोषक ठरते, त्यापुढे बाधक. अवघड कामात ही मर्यादा लवकर येते. दोन्ही मते एकत्र घेतली तर बहिर्मुखाला कॅफिनचा लाभ व्हावा आणि अंतर्मुखाचा तोल जावा. अमेरिकेत विल्यम रेव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमके हेच नोंदवले. शाब्दिक क्षमतेच्या चाचणीत वेळेचे बंधन आणि कॅफिन एकत्र आले तेव्हा अंतर्मुखांचे गुण घसरले, बहिर्मुखांचे वाढले.

त्याच गटाच्या १९८० च्या प्रयोगांनी हे सरळ चित्र गुंतागुंतीचे केले, आणि या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. फरक बहिर्मुखतेतील मिळून-मिसळून वागण्यातून येत नव्हता, तर आवेगशीलतेतून, म्हणजे पुरेसा विचार होण्याआधीच कृती करण्याच्या वृत्तीतून येत होता. सकाळी आवेगशील व्यक्तींना कॅफिनचा फायदा झाला, शांतपणे विचार करणाऱ्यांना तोटा. संध्याकाळी चित्र उलटे झाले. दोन्ही गटांच्या दैनंदिन उद्दीपनाची लय वेगळी असते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून अभ्यासिकेतील सर्वांना ‘परीक्षेआधी कडक चहा घ्या’ हा एकच सल्ला देणे चुकीचे आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ अलीकडे दुपारी २ वाजता सुरू होते, तर अभियांत्रिकी प्रवेशाची ‘जेईई मेन’ सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत होते. एकाच विद्यार्थ्यावर तोच चहा या पाळ्यांत वेगळा परिणाम करू शकतो.

स्मरणाचे प्रकारही वेगळे पाहावे लागतात. हम्फ्रीज आणि रेव्हेल यांच्या १९८४ च्या मांडणीनुसार उद्दीपनाने लक्ष टिकते, पण मनात तात्पुरती माहिती धरून ठेवण्याची क्षमता कमी होऊ शकते. पाठ्यपुस्तक सलग वाचणे आणि भौतिकशास्त्राचे उदाहरण मनात सोडवणे ही त्यामुळे वेगळी कामे ठरतात. मात्र अँड्र्यू स्मिथ यांच्या २०१३ च्या अभ्यासात बहिर्मुखांच्या कार्यकारी स्मृतीला, म्हणजे याच क्षमतेला, कॅफिनने मदत झाल्याचे दिसले. दीर्घकालीन स्मृतीबाबत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये सहभागींना चित्रे दाखवून झाल्यावर २०० मिलिग्रॅम कॅफिन दिले. दुसऱ्या दिवशी त्या चित्रांसारखीच पण थोडी वेगळी चित्रे वेगळी ओळखण्यात फायदा आढळला.

वाचलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप एका तासाहून अधिक घटली. स्वभाव कोणताही असो, रात्रीच्या चहाने झोप तोडली तर पाठांतराचे नुकसानच होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये किशोरांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले. ५० किलोच्या मुलीसाठी ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण तीन ते पाच कप होते. रोज चहा घेणाऱ्याने तो अचानक सोडला तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी आणि सुस्ती सुरू होऊ शकते, म्हणून सवय मोडायची तर परीक्षेच्या बरेच आधी आणि हळूहळू मोडावी लागते.