तुडुमापासून तोटीपर्यंत

तुमसरहून सिहोऱ्यावरून जाणारा रस्ता बपेऱ्याला पोहोचतो, आणि थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपते. वैनगंगा आणि बावनथडी यांच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. नद्या इतक्या जवळ असलेल्या गावी पाण्याच्या काटकसरीचा विषय काढावा, हे कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु या परिसराचा इतिहास नेमका त्याच काटकसरीचा इतिहास आहे.

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. येथे पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांचा. त्यातही मध्येच पंधरा दिवसांचा खंड पडला, की उभे भातपीक हातचे जाते. म्हणून पूर्वजांनी उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवले. या कामी कोहळी समाजाचे नाव विशेष घेतले जाते. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या नवेगाव बांधच्या विस्तीर्ण तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. तलावाच्या पाळीत पाणी सोडण्याचे जे द्वार असते, त्यास येथील लोक ‘तुडुम’ म्हणतात. तुडुम कधी उघडायचे, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, हे गावाच्या रिवाजाने ठरे. उन्हाळ्यात तलाव आटला, की गाळ काढून शेतात टाकला जाई. पाणी वापरणारा, ते मोजणारा आणि त्याची निगा राखणारा एकाच गावचा होता.

घरातील व्यवस्थाही याच शिस्तीची होती. विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या पाण्याचा प्रत्येक गुंड गृहिणीच्या मानेस ठाऊक असे. पिण्याचे पाणी रांजणात, भांडी घासण्याचे वेगळे, आणि न्हाणीचे पाणी परसातील केळी-अळवाला. वसईच्या वाचकांना येथे आपल्या वाडीतील बावखल आठवेल; पावसाचे गोडे पाणी साठवण्याची ती युक्ती याच जातकुळीची. मात्र या काटकसरीचे गोडवे गाताना आम्ही सावध असावे. तिची किंमत स्त्रियांनी आपल्या पाठीने मोजली होती. नळ घरी आला, ही न्यायाचीच गोष्ट झाली.

पुढे दोन बदल झाले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडले. अन्यायाची एक व्यवस्था गेली हे योग्यच झाले. परंतु निगा राखण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे, हे धूसर झाले आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. दुसरा बदल घरातला. विंधनविहीर, विजेचा पंप, गच्चीवरची टाकी आणि नळ अशी साखळी तयार झाली. 2019 मध्ये घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घरातील प्रत्येक माणसामागे दररोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे आता प्रत्येक घरात एक लहानसे तुडुम आले आहे. त्याचा रिवाज मात्र अजून ठरावयाचा आहे.

घर सुधारताना हा रिवाज ठरवता येतो. एक उदाहरण घेऊ. दोन कळांची फ्लश टाकी 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूस थॉम्प्सन यांनी कारोमा कंपनीसाठी तयार केली. जुनी टाकी एका वेळी 12 लिटर पाणी सोडत असेल आणि पाच जणांच्या घरी ती दिवसातून वीस वेळा वापरली जात असेल, तर 240 लिटर खर्च होतात. त्याऐवजी 6 व 3 लिटरची टाकी बसवली आणि पाच वेळा मोठी, पंधरा वेळा लहान कळ दाबली, तर 75 लिटरांत भागते. परंतु गमतीची गोष्ट अशी, की 1970 मध्ये स्थापन झालेल्या सुलभ संस्थेने प्रसृत केलेल्या, तांब्या-बादलीने पाणी ओतण्याच्या तीव्र उताराच्या शौचकूपास दीड-दोन लिटर पुरतात. तेव्हा बपेऱ्यातील एखाद्याने तो काढून शहरी टाकी बसवली, तर ती सुधारणा पाण्याच्या हिशेबात अधोगतीच ठरेल. नवे ते सारे काटकसरीचे नसते.

बिलाचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. पाणीपट्टी वर्षाला ठोक असेल, तर घरातील बचत तिच्यात दिसणार नाही. ती दिसेल विजेच्या बिलात. 60 मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी वर आणण्यास सामान्य पंपाला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. एका घरापुरती ही रक्कम किरकोळ आहे. पण तीनशे घरांनी रोज शंभर लिटर वाचवले, तर गावाच्या पंपाला दररोज 30,000 लिटर कमी उपसावे लागतील. आणि ते बिल शेवटी गावच भरते. उलट बाजूने, 50 चौरस मीटरच्या छपरावर 1200 मिलिमीटर पाऊस पडला, तर 60,000 लिटर पाणी उतरते. त्यातील काही भाग गाळून विहिरीकडे वळवला, तरी उन्हाळ्यात तिला आधार मिळतो.

या उपायांनी मामा तलाव भरणार नाहीत. भाताची तहान घरापेक्षा कितीतरी मोठी आहे. तरीही आरंभ घरातूनच व्हावा. आज रात्री गळक्या तोटीखाली एक भांडे ठेवावे, सकाळी ते मापाने मोजावे आणि दहा-वीस रुपयांचे वायसर बदलावे. पूर्वजांनी तुडुमावर माणूस उभा केला होता. आपल्या तोटीवर कोण उभे आहे, एवढाच प्रश्न उरतो.