मुलांची अ‍ॅलर्जी आणि रक्ताचा रिपोर्ट : 'आयजीई' वाढला म्हणजे नेमकं काय?

मुलाला वरचेवर सर्दी होते, रात्री खोकला उठतो, कोपराच्या खोबणीत खाजरं इसब येतं किंवा अंडं खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात. असं काही सुरू झालं की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. रिपोर्ट येतो आणि 'टोटल आयजीई' समोर ४०० किंवा ९०० असा आकडा, बाजूला ठळक 'हाय'. बस्स, घरात अंडी बंद, दूध बंद, मासे बंद! वाढत्या वयाच्या मुलाचं खाणं असं एका आकड्यावर बंद करणं बऱ्याचदा चुकीचं ठरतं. का ते समजण्यासाठी हा आयजीई मुळात काय आहे, हे पाहावं लागेल.

अ‍ॅलर्जीची ओळख जुनी आहे. रय शहरचे प्रसिद्ध हकीम अबू बक्र अल-राझी (सुमारे इ.स. ८६५ ते ९२५) यांनी एक छोटं टिपण लिहिलं होतं. विषय होता, अबू झैद अल-बल्खी यांना वसंत ऋतूत गुलाबाचा वास घेतला की सर्दी का होते. लक्षणं अचूक टिपली गेली, पण रक्तात काय घडतं ते कळायला आणखी हजार वर्षं लागली. 'अ‍ॅलर्जी' हा शब्दच १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. १९२१ साली जर्मनीत एक धाडसी प्रयोग झाला. हाइन्झ क्युस्टनर यांना मासळी चालत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव कार्ल प्राउसनित्स यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली! म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातल्या कशामुळे तरी होते, हे सिद्ध झालं. ते 'काहीतरी' १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे शोधलं. १९६८ साली त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, हे नाव मिळालं.

काम कसं चालतं? शरीर एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला, समजा धुळीतल्या किड्याला किंवा अंड्यातल्या प्रथिनाला, शत्रू समजून त्याच्यासाठी खास आयजीई बनवतं. हा आयजीई त्वचा, नाक आणि श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतो. तीच गोष्ट पुन्हा शरीरात आली की या पेशी हिस्टामिन सोडतात. मग शिंका, खाज, सूज, धाप.

आता टोटल आयजीई. यात शरीरातला सगळा आयजीई एकत्र मोजला जातो, कोणत्या वस्तूविरुद्धचा आहे ते कळत नाही. आईचा आयजीई वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून नवजात बाळात तो जवळपास नसतोच आणि वयाबरोबर वाढत जातो. त्यामुळे मोठ्या माणसाची 'नॉर्मल' मर्यादा लहान मुलाला लावून उपयोग नाही. इसब असलेल्या मुलात तो खूप वाढलेला असू शकतो. उलट, आकडा नॉर्मल असूनही मुलाला खरी अ‍ॅलर्जी असू शकते.

आपल्याकडे दुसरं एक कारण विसरून चालणार नाही, ते म्हणजे जंत. पोटातल्या जंतांशी लढायलाही शरीर आयजीई आणि इओसिनोफिल वापरतं. उघड्यावर अनवाणी खेळणाऱ्या, माती तोंडात घालणाऱ्या मुलाचा आकडा केवळ जंतांमुळे वाढलेला असू शकतो. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती मुलाने घेतली का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. हत्तीरोगाच्या भागातून आलेल्या मुलाला रात्रीचा खोकला असेल आणि इओसिनोफिल फारच वाढलेले असतील, तर तो दमा नसून हत्तीरोगाच्या जंतूंमुळे झालेला फुफ्फुसाचा आजार असू शकतो. त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे.

इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींची एक जात. पाउल एर्लिख यांनी १८७९ साली इओसिन नावाच्या लालसर रंगाने त्या ओळखल्या, त्यावरून हे नाव. साध्या सीबीसी तपासणीत त्यांची टक्केवारी मिळते, पण टक्क्यापेक्षा एकूण संख्या पाहावी. ती साधारण ५०० च्या वर गेली तर वाढलेली समजतात. दमा असलेल्या मुलात ही संख्या जास्त असेल तर स्टेरॉइडच्या इनहेलरचा गुण चांगला येईल, असा अंदाज बांधता येतो. मात्र मुलाला आधीच स्टेरॉइडचं तोंडी औषध सुरू असेल तर संख्या खाली येते आणि रिपोर्ट फसवा निघतो.

खरा उपयोग 'स्पेसिफिक आयजीई'चा, म्हणजे दूध, अंडं, शेंगदाणा, धुळीतले किडे अशा एकेका गोष्टीविरुद्धच्या तपासणीचा. ०.३५ च्या वर आकडा गेला की लॅब 'पॉझिटिव्ह' लिहिते. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या गोष्टीची ओळख ठेवली आहे, एवढंच. ती खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. मूल आठवड्यातून चार वेळा अंडं खातंय आणि काहीच होत नाही, तर रिपोर्ट काहीही म्हणो, अंडं बंद करायचं कारण नाही. खाणं विनाकारण तोडलं तर वाढ खुंटते, शिवाय काही मुलांत पुन्हा सुरू करताना खरी अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. शंका राहिलीच तर इस्पितळात डॉक्टरांसमोर तो पदार्थ कणाकणाने वाढवत खाऊ घालून पाहतात, तीच सर्वात खात्रीची परीक्षा. ती घरी करून पाहू नये.

उलट बाजूही आहे. तान्ह्या बाळांची दुधाची अ‍ॅलर्जी कित्येकदा आयजीईशिवायच होते. शौचातून रक्त जातं आणि रक्ताची तपासणी मात्र निगेटिव्ह येते. अशा वेळी दादी-नानी बकरीचं दूध द्यायला सांगतात. गायीच्या आणि बकरीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की बहुतेक बाळांना दोन्हींचा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये.

बाजारात 'शंभर-दोनशे पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट' म्हणून महागडी पॅकेजेस विकली जातात. ती आयजीई नव्हे तर आयजीजी मोजतात. आयजीजी दाखवतो की मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे. आपलं मूल गहू खातं हे कळायला हजारो रुपये कशाला हवेत? अमेरिका आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

संशोधनाने जुनी समजूत उलटवली ती शेंगदाण्याच्या बाबतीत. २००८ साली एका पाहणीत दिसलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. फरक एवढाच ठळक, की इस्रायलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात. मग लंडनला गिडिअन लॅक यांच्या गटाने गंभीर इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. सुरुवातीला त्वचेची चाचणी निगेटिव्ह असलेल्या मुलांत, पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्या गटातल्या १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत फक्त १.९ टक्के. हा निकाल २०१५ साली आला. म्हणून आता उशीर करू नका असं सांगतात. बाळाला गंभीर इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. कुटून, पातळ करून द्यायचा.

ईदच्या दिवशी शिरखुर्म्यात काजू, पिस्ते, बदाम, चारोळी सगळंच असतं. सुक्या मेव्याची खरी अ‍ॅलर्जी ठरलेल्या मुलाबद्दल घरोघरी आधीच सांगून ठेवा, 'वरचे काढून दिले' एवढ्याने भागत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत आवाज बसला, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल गळून पडलं, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नका, ताबडतोब इस्पितळ गाठा. तिथे मांडीत दिलं जाणारं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय.

लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल यांच्या धुराने दम्याच्या मुलाची छाती भरते, पण ती कोणत्याच आयजीई रिपोर्टमध्ये सापडणार नाहीत, कारण धूर थेट श्वासनलिकेला चुरचुरवतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गादीत वाढणारे धुळीतले किडे मात्र रिपोर्टमध्ये दिसतात. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुतले तर फरक पडतो.

तपासणीला जाताना : या रक्तासाठी उपाशीपोटी राहावं लागत नाही. सर्दीची, खाजेची गोळी सुरू असली तरी रक्ताचा रिपोर्ट बिघडत नाही. त्वचेवर टोचून करायची चाचणी असेल तर ती काही दिवस आधी थांबवावी लागते, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. कोणता पदार्थ खाल्ल्यावर किती वेळाने काय झालं, ते कागदावर लिहून न्या, आणि गांधींचा मोबाइलवर काढलेला फोटोही दाखवा. तज्ज्ञ रिपोर्टच्या आधी तेच पाहतात.