विद्यार्थी-लघुपट
चित्रपटविद्येच्या किंवा माध्यम-अभ्यासाच्या शिक्षणक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी तयार केलेला व परीक्षेसाठी सादर केलेला अल्प लांबीचा चित्रपट. तो कलाकृती असतो, तसाच उत्तरपत्रिकाही असतो. प्रेक्षकांपुढे तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. परीक्षकाला मात्र त्यातून विद्यार्थी काय शिकला, हे ताडावयाचे असते. या दोन कसोट्या नेहमीच जुळतात असे नाही. त्यामुळे विद्यार्थी-लघुपटाच्या निर्मितीइतकाच त्याच्या मूल्यमापनाचा प्रश्नही जुना आहे.

मॉस्को येथे १९१९ मध्ये स्थापन झालेली राज्य चित्रपटशाळा ही जगातील पहिली चित्रपटशाळा मानली जाते. यादवी युद्धाच्या त्या काळात कच्च्या फिल्मची तीव्र टंचाई होती. तेथील अध्यापक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी विद्यार्थ्यांकडून ‘फिल्मविना चित्रपट’ बसवून घेतले. पडद्यावर जसे एकामागून एक तुकडे दिसतील, त्याच हिशोबाने रंगमंचावर छोटे छोटे प्रवेश सादर केले जात. शिक्षणाच्या दृष्टीने ही टंचाई इष्टापत्तीच ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. कारण कॅमेरा हाती नसताना दृश्याची आखणी आधी डोक्यात पक्की करावी लागे. व्ही. आय्. पुदोव्हकिन व बॉरीस बार्नेट हे या कार्यशाळेतूनच पुढे आले. तीत मूल्यमापन म्हणजे गुरूचा व सहाध्यायांचा तत्काळ अभिप्राय. वेगळी गुणपत्रिका गौण होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधील वूच येथे १९४८ मध्ये चित्रपटशाळा निघाली. तेथे विद्यार्थी असताना रोमान पोलान्स्की यांनी केलेल्या दोन माणसे आणि एक कपाट (१९५८) या सुमारे पंधरा मिनिटांच्या संवादरहित लघुपटास ब्रसेल्स येथील जागतिक प्रदर्शनातील प्रायोगिक चित्रपटस्पर्धेत पारितोषिक मिळाले. आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा स्टीमरोलर आणि व्हायोलिन (१९६०) हा मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेतील पदविका-चित्रपट. अशा कृतींमुळे विद्यार्थ्यांचे काम वर्गाबाहेर पोहोचले आणि महोत्सवाचे परीक्षकमंडळ हा दुसरा, पुष्कळदा अधिक वजनदार, परीक्षक होऊन बसला. कान महोत्सवाने तर १९९८ पासून चित्रपटशाळांतील कृतींसाठी स्वतंत्र विभागच सुरू केला.

भारतात चित्रपट चौकशी समितीने (अध्यक्ष स. का. पाटील) १९५१ मध्ये चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली. ती पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० मध्ये प्रत्यक्षात आली. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन व ध्वनिमुद्रण या शाखांतील विद्यार्थ्यांनी मिळून पदविका-चित्रपट करावयाचा, ही तेथील पद्धत. तीत एकच चित्रपट हा वेगवेगळ्या परीक्षार्थींचा पुरावा असतो. छायालेखन उत्तम पण पटकथा ढिली, किंवा ध्वनी अचूक पण अभिनय कच्चा, अशा वेळी प्रत्येकाचे श्रेय वेगळे काढणे सोपे नसते. संकलकाने काय वगळले, हे तर पडद्यावर दिसतच नाही. म्हणूनच पदविका-चित्रपटाच्या आधी सातत्य, दृश्यरचना, संवाद असे लहान लहान सराव ठेवलेले असतात. या संस्थेतील उमेश कुलकर्णी यांच्या गिरणी या मराठी लघुपटास राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार लाभला. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचे एका मुलाला प्रथम वाटणारे अप्रूप आणि मग तिच्या आवाजाचा होणारा जाच, एवढाच त्याचा विषय. चिदानंद नाईक यांचा कानडी लोककथेवरील लघुपट २०२४ मध्ये कानच्या उपर्युक्त विभागात पहिला आला. तो दूरचित्रवाणीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातील वर्षअखेरचा सराव होता व त्याचे चित्रीकरण चार दिवसांत झाले होते.

व्यावसायिक शिक्षणाबाहेर, सामान्य शाळांत हा प्रश्न अधिक बिकट झाला. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस माध्यम-अभ्यास हा शालान्त ‘ए-लेव्हल’ परीक्षेचा विषय झाला. येथे चित्रपट-व्यावसायिक घडवावयाचे नव्हते. मग मुलांनी चित्रपट का करावा? लेन मास्टरमन यांनी प्रात्यक्षिक काम निव्वळ यंत्रे हाताळण्यापुरते उरण्याचा धोका दाखवून दिला. डेव्हिड बकिंगहॅम व त्यांचे सहकारी यांनी निर्मितीला चिंतनाची जोड देण्यावर भर दिला. २००८ पासून एका प्रमुख परीक्षा मंडळाने दुसऱ्या वर्षासाठी अवलंबिलेली योजना या विचाराचा परिपाक दिसते. तीत सुमारे पाच मिनिटांचा लघुपट, त्याचे भित्तिपत्रक व नियतकालिकातील परीक्षणाचे पान यांस ६० गुण, पूर्वसंशोधन व नियोजनास २० आणि आत्ममूल्यमापनास २० गुण होते. मूल्यमापनाचे प्रश्न चार : रूढ संकेत कसे वापरले वा मोडले, लघुपट व पूरक सामग्री यांचा मेळ कितपत साधला, प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकावयास मिळाले आणि तंत्रसाधनांचा उपयोग कसा केला.

यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. प्रेक्षकाला कथेतील दुवा कळलाच नाही, हे ऐकल्यावर तो संकलनात निसटला की पटकथेतच नव्हता, याचा शोध विद्यार्थ्याला घ्यावा लागतो. पहिल्या प्रश्नाने मात्र साचेबंद उत्तरांना वाव दिला. भयपटाचे संकेत ‘मोडल्याचा’ दावा करणे हे ते खरोखर मोडण्यापेक्षा सोपे असते. शिवाय लिहिण्या-बोलण्यात चतुर विद्यार्थी सामान्य लघुपटाचेही समर्थन करू शकतो, तर डोळा चांगला असलेल्या अबोल विद्यार्थ्याचे गुण येथेच जातात. गटाने केलेल्या कामातील वैयक्तिक वाट्याचा, पुण्यास भेडसावणारा प्रश्न येथेही होताच.

२०१७ पासून शिकविल्या जाणाऱ्या सुधारित अभ्यासक्रमात माध्यम-अभ्यासातील निर्मितीचा भाग ३० टक्क्यांचा व वैयक्तिक झाला. काम संपल्यावर करावयाच्या आत्ममूल्यमापनाची जागा कामापूर्वी लिहावयाच्या उद्देशनिवेदनाने घेतली. चित्रपट-अभ्यास या शेजारच्या विषयात मात्र चार ते पाच मिनिटांच्या लघुपटासोबत १,६०० ते १,८०० शब्दांचे मूल्यमापनात्मक विवेचन अभ्यासक्रमात राहिले. तेथे चित्रीकरणाऐवजी पटकथा व छायाचित्रांची दृश्यमालिका सादर करण्याचीही मुभा आहे.